मूल मराठी बोलते, वाचायला कोण शिकवणार?

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील कोणत्याही मराठी वस्तीच्या गावात जा, घराघरांतून मराठीच कानी पडते. भांडण मराठीत, भजन मराठीत, लग्नपत्रिकाही मराठीत. असे असूनही गेली काही वर्षे एक गोष्ट आम्हा शिक्षक मंडळींना सतत खटकते आहे. आज्जीच्या गोष्टी ऐकत वाढलेली, तोंडाला क्षणभर खळ नसलेली आठ-दहा वर्षांची मुले मराठी मजकूर समोर ठेवला की गप्प होतात. इंग्रजी शाळेत जाणारे मूल 'कॅट', 'बॅट' वाचते, कन्नड शाळेत जाणारे मूल कन्नड पाठ धडाधड वाचते. पण दारावरच्या पाटीवर असलेले स्वतःच्या आजोबांचे नाव त्याला वाचता येत नाही. हे दैनिक ज्या घरात रोज येते, त्या घरातील नातवंडेही याला अपवाद नाहीत.

असे का झाले, याची चर्चा या पानावर पुष्कळ झालेली आहे, म्हणून ती थोडक्यातच आटोपतो. कर्नाटक सरकारच्या १९९४ च्या भाषा धोरणानुसार पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधून द्यावयाचे होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माध्यम निवडण्याची मोकळीक पालकांना आहे असा निर्णय दिला. त्यापूर्वीही इंग्रजी शाळा होत्याच, आता त्यांना आडकाठी उरली नाही. २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांत आणण्यात आली, आणि २०२४ च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवरील ६० टक्के जागा कन्नडसाठी ठेवण्यात आली. मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की रस्त्याने चालताना त्याच्या डोळ्यांसमोर मराठी अक्षरे फारशी येत नाहीत आणि शाळेत मराठी हा विषय असेलच असे नाही. न्यायालयातील सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून प्रलंबित आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, आज पाच वर्षांचे असलेले मूल तोवर पाच वर्षांचे राहणार नाही. सबब हे काम घरातच करावे लागेल, आणि ते होण्यासारखे आहे. चौथी शिकलेली आज्जीसुद्धा ते करू शकते, हे आम्ही वाचनालय समितीच्या रविवारच्या वर्गात पुनःपुन्हा पाहिले आहे.

एक खुलासा आधीच करतो. मुलांनी कन्नड शिकू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या राज्यात राहतो तिथली भाषा उत्तम यायला हवी. किंबहुना ज्या मुलाला कन्नड वाचता येते त्याला मराठी वाचन लवकर जमते, कारण दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मी आहे आणि क-ख-ग-घ हा क्रम दोन्हींत एकच. त्या मुलाला आवाज सगळे ठाऊक असतात, फक्त त्यांची वळणे नवी असतात.

आधी कान

घरी शिकवायचे म्हटले की पालक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे बाजारातून रंगीत तक्ता आणून भिंतीवर लावतात आणि मुलाकडून बाराखडी घोकून घेतात. मूल 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' असे तालासुरात म्हणते, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवते, घरचे खूष होतात. त्याच मुलासमोर पाटीवर 'मका' लिहा. ते म्हणते, 'म... क ला काना का...' आणि थांबते. 'ला काना' म्हणता म्हणता आधीचा म तोंडातून निसटलेला असतो. बाराखडी वाईट नाही, पण ती आलेले ज्ञान ओळीत मांडून ठेवण्यासाठी आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी सुरुवात तिथून केली तर मूल पाठांतर शिकते, वाचन शिकत नाही. तक्त्याचीही तीच गत. 'ऐ ऐरणीचा', 'ऋ ऋषीचा', 'क्ष क्षत्रियाचा' यांतले काहीही मुलाने पाहिलेले नसते. चित्र पाहून ते 'क्षत्रिय' म्हणत नाही, 'राजा' म्हणते, आणि त्याचे बरोबरच असते.

वाचनाची खरी सुरुवात पाटी-पेन्सिलीशिवाय होते. बोललेला शब्द हा लहान-लहान आवाजांचा बनलेला आहे, हे मुलाच्या कानाला कळले पाहिजे. यासाठी भेंड्यांसारखा खेळ पुरेसा आहे. भाकरी करता करता आईने विचारावे, 'म पासून काय काय?' मूल सांगेल : मका, मामा, मांजर, मीठ. मग 'शेवटी न येणारे शब्द सांग' : कान, पान, रान. मग टाळ्या वाजवून शब्द फोडावा : पा-णी, दोन टाळ्या, भा-क-री, तीन टाळ्या. त्यापुढचा खेळ मुलांना फार आवडतो. 'काम' मधला क काढून न घातला तर काय होईल? नाम. मग आपले आपणच दाम, घाम, राम सुरू होते. पंधरा दिवस, महिनाभर एवढेच करावे. ज्या मुलाला हे खेळ सहज जमतात, त्याला अक्षरे जड जात नाहीत. ज्याला जमत नाहीत, त्याला तक्ता दाखवण्याची घाई करू नये.

थोडी अक्षरे, पण काना सोबतच

आता अक्षरे. अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंत सगळी एका दमात शिकवायची आणि मग काना-मात्रा, ही जुनी रीत. यात मुलाला पहिला खरा शब्द वाचायला कित्येक महिने लागतात. तोपर्यंत त्याचा उत्साह संपतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वेगळा मार्ग दाखवला. अक्षरांचे लहान गट करावेत, स्वरांच्या खुणा सुरुवातीपासूनच सोबत घ्याव्यात, आणि प्रत्येक गटातून लगेच अर्थ असलेले शब्द वाचायला द्यावेत. मूळच्या अमेरिकेच्या असलेल्या या बाईंनी मराठीवर हा उपकार करून ठेवला आहे, आणि आपल्याकडील अनेक पालकांना त्याची खबरही नाही, असो.

आम्ही आमच्या मुलांसाठी बसवलेला क्रम असा आहे. पहिल्या पंधरवड्यात चारच अक्षरे : क, म, न, ब, आणि त्यांच्या जोडीला काना. एवढ्या पाच खुणांत काका, मामा, बाबा, नाना, काम, कान, नाक, मान, मका, बाक असे दहा शब्द होतात. अक्षराला नाव देऊ नये, 'कमळाचा क' असेही म्हणू नये. हा क, हा म, बस्स. काना शिकवताना 'क ला काना' हे शब्दही वापरू नयेत. क दाखवावा, शेजारी उभी रेघ ओढावी आणि 'का' म्हणावे. पुसावी, 'क' म्हणावे. रेघ आली की तोंड उघडते, रेघ गेली की मिटते, हे मुलाला दोन दिवसांत उमगते. मग मूल स्वतःच न पुढे रेघ ओढून 'ना' म्हणते. त्या क्षणी त्याला लिपीची किल्ली सापडलेली असते. इंग्रजीत 'सी' या अक्षराचा उच्चार कधी क तर कधी स होतो. त्या मानाने आपल्या लिपीत पाठांतराचे ओझे फारच कमी आहे.

दुसऱ्या पंधरवड्यात प, ण, त, र, आ, ई आणि दुसरी वेलांटी. आता आई, पाणी, पान, रान, रात, माती, पीक, कापणी, कणीक, मामी, काकी असे शब्द येतात आणि 'काकी रानात. आई, पाणी आण.' अशी वाक्ये वाचता येतात. महिन्याभरात मूल वाक्य वाचते, तेही त्याच्या घरातले. त्यानंतर ल, स, ग, व, घ, द, ह आणि मात्रा, मग उकार, असे पुढे जावे.

काही पथ्ये आहेत. वेलांटी दुसरी आधी शिकवावी, पहिली मागाहून. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, पण तोंडाने अक्षरानंतर उच्चारायची असते, त्यामुळे 'किती' वाचताना लहान मूल हमखास अडखळते. शिवाय बोलण्यातील आपल्या शब्दांच्या शेवटी ई-ऊ दीर्घच लिहिले जातात : आई, पाणी, भाऊ, काजू. त्यामुळे दीर्घापासून सुरुवात केल्याने काही अडत नाही. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष, थ आणि य या जोड्या एकाच आठवड्यात आणू नयेत. एक पक्के बसल्यावर महिन्याने दुसरे आणावे. ख जुन्या पुस्तकांत र आणि व शेजारी ठेवल्यासारखा छापलेला असतो, तिथे मूल 'रव' वाचेल, त्याला रागावू नये. मोबाईलवरचे ल आणि श बरेचदा हिंदी वळणाचे दिसतात. मूल बुचकळ्यात पडले तर दोन्ही वळणे शेजारी-शेजारी लिहून दाखवावीत. 'बॅट' आणि 'बॉल' मुले रोज बोलतात, तेव्हा अर्धचंद्र शिकवायला संकोच नको. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ॲ आणि ऑ यांना वर्णमालेतच जागा दिली आहे.

'घर' आणि 'घरऽ'

कन्नड वाचू शकणाऱ्या मुलांची एक अडचण पुण्या-मुंबईकडच्या पुस्तकांत सापडत नाही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. कन्नडमध्ये अक्षरात दडलेला अ शब्दाच्या शेवटीही पूर्ण उच्चारला जातो. कन्नडमध्ये झाडाला 'मर' म्हणतात, तो उच्चार 'मरऽ' असा होतो. ती सवय घेऊन मूल मराठीकडे आले की 'घर' चे 'घरऽ' करते, 'कमळ' चे 'कमळऽ' करते, आणि ऐकणारे हसतात. हसणे हा येथे मोठा अपराध आहे. मुलाने चूक केलेली नसते, त्याने एका लिपीचा नियम दुसरीला लावलेला असतो. मराठीत शेवटचा अ गळतो, आणि मधलाही गळतो. 'बसला' आपण लिहितो तीन अक्षरांत, पण बोलतो 'बस्ला'. 'करवत' बोलतो 'कर्वत'. याचे नियम मुलाला सांगत बसू नये. मुलाने 'ब-स-ला' असे सुटे वाचले की त्याला एवढेच म्हणावे, 'आता बोलतोस तसं म्हण बघू.' ते लगेच 'बसला' म्हणते, कारण हा शब्द त्याने हजार वेळा ऐकलेला आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची हीच खरी शिदोरी. अर्थात, ही शिदोरी कामी यायची तर सुरुवातीचे सगळे शब्द त्याच्या बोलण्यातले असले पाहिजेत. 'ऋषी' आणि 'क्षत्रिय' तिथे उपयोगाचे नाहीत.

च, ज, झ यांचेही तसेच. 'चूल' मधला च आणि 'चिमणी' मधला च लिहायला एक, उच्चाराला दोन. 'चांदणे' आणि 'चंद्र', 'जाळे' आणि 'जेवण', 'झाड' आणि 'झेंडा' म्हणून पाहा. कन्नड शाळेतील मूल 'चूल' हा शब्द 'चिमणी'तल्या च ने वाचते. इथेही 'बोलतोस तसं म्हण' हाच उपाय, मात्र ही अक्षरे तिसऱ्या महिन्याआधी आणू नयेत. अनुस्वाराचेही नियम नकोत. 'आंबा' म्हणताना ओठ मिटतात आणि 'पंखा' म्हणताना मिटत नाहीत, हे मुलाला शिकवावे लागत नाही. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत, आपल्याकडे एकेकच. मुलाने 'यातला दुसरा कुठला?' असे विचारले तर 'आपल्यात एकच' एवढे उत्तर पुरे.

जोडाक्षरांना पालक उगाच भितात. आपल्या सीमाभागाच्या बोलीत दुहेरी अक्षरांची चंगळ आहे : अक्का, अण्णा, आज्जी, हत्ती, बत्ती, आणि आमचे येळ्ळूर. या शब्दांनी सुरुवात केली की एकच आवाज दोनदा लिहिला आहे हे मुलाला ऐकूच येते. कन्नडमध्ये दुसरे अक्षर खाली ओत्तक्षर म्हणून लिहितात, मराठीत ते बहुधा शेजारी बसते, हे एकदा दाखवून द्यावे. राहता राहिला र. 'चक्र', 'राष्ट्र', 'सूर्य' आणि 'दुसऱ्या' यांत तो चार रूपांत येतो. त्याची काळजी दुसरीत गेल्यावर करावी.

मुलाचे वाक्य, मुलाच्याच शब्दांत

साधनांवर पैसे खर्च करण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या पाने, बिया, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंवरच. आपल्याकडे चिंचोके आहेत, ताटात पसरलेली रांगोळी आहे, अंगणातली माती आहे. बोटाने मातीत म गिरवताना हाताला त्याचे वळण कळते, आणि चुकले तर हात फिरवला की पुसले जाते. वहीत लाल शाईचा फुलीचा शिक्का बसला की मूल आखडते, ते इथे होत नाही.

सर्वांत गुणकारी साधन म्हणजे मुलाचे स्वतःचे बोलणे. आमच्या वर्गात कन्नड शाळेत दुसरीत असलेला एक मुलगा होता. दोन रविवार तो कोपऱ्यात बसून राहिला. तिसऱ्या रविवारी त्याला विचारले, घरी काय विशेष? म्हणाला, 'आमच्या म्हशीला रेडकू झालंय. काळं हाय.' आम्ही ते जसेच्या तसे जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिले आणि वाचून दाखवले. त्याने तो कागद घरी नेला. पुढच्या रविवारी त्यातला शब्द न् शब्द तो बोट ठेवून वाचत होता, आणि 'काळं' वरून ओळखून दुसऱ्या पुस्तकातला 'काळा' त्याने न सांगता वाचला. त्याच्या 'हाय' चे 'आहे' आम्ही केले नाही. काही शिक्षक मित्रांना हे रुचले नाही. शुद्ध भाषा पहिल्यापासून हवी, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत स्पष्ट आहे. बोललेले तेच लिहिले जाते, हा विश्वास आधी बसू द्यावा. 'आहे' त्याला पुस्तकात पावलोपावली भेटणार आहे, आणि दोन-चार महिन्यांत तो ते आपणहून लिहू लागतो. उलट पहिल्याच वाक्यात त्याची बोली खोडली, तर ही भाषा आपली नव्हे, दुसऱ्याच कुणाची तरी आहे, असे त्याला वाटते. मग ते मूल आपल्या हाती लागत नाही.

वेळ रोज पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नको. दिवेलागणीनंतर मालिका सुरू होण्याआधीची वेळ चांगली. रविवारी दोन तास बसवून आठवडाभर सुट्टी, हे चालणार नाही. मूल कंटाळले तर पाचव्या मिनिटाला थांबावे. इंग्रजी शाळेचा गृहपाठ आधी आणि मराठी मग, असा क्रम लावला तर मराठीच्या वाट्याला झोपेची वेळ येते, तेव्हा क्रम उलटा ठेवावा. मारणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे, चारचौघांत वाचून दाखवायला लावणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य. आणि मूल वाचत असताना शब्द अडला की लगेच सांगू नये. मनात पाचपर्यंत मोजावे, बहुतेक वेळा चौथ्या आकड्याला ते स्वतःच वाचते.

घरात आई दुसऱ्या भाषेतून शिकलेली असेल, तर तिनेही मुलाबरोबर शिकावे. आमच्या वर्गाला दोन सुना मुलांना सोडायला म्हणून येत होत्या, आता त्याच पुढच्या रांगेत बसतात.

तीन-चार महिन्यांनी मुलाला या दैनिकाचे मथळे वाचायला द्यावेत. अक्षरे मोठी असतात, गावांची नावे ओळखीची असतात. आधी गावाचे नाव शोधायला सांगावे, मग त्याच्या शेजारचा शब्द. आतला बारीक मजकूर आज्जीने वाचावा आणि मधेच एखाद्या सोप्या शब्दापाशी थांबावे, तो मुलाने वाचावा. गोष्टीची पुस्तके आमच्या वाचनालयात दोन कपाटे भरून आहेत, त्यांतली जाड अक्षरांची खालच्या फळीवर काढून ठेवली आहेत. वर्ग दर रविवारी सकाळी नऊ ते दहा, देवळामागच्या खोलीत भरतो. शेजारच्या गावातील मुले आली तरी चालतील. येताना पाटी आणावी, पेन्सिली येथे आहेत.